मीटरचा दिवा

भूपेंद्रने गाडीच्या मीटरमागे हात घालून शेवटचा बल्ब उपटून काढला, मोबाइलच्या टॉर्चसमोर धरला आणि हसला.

"आई, हा पाय ना. काजवा बरा याच्यापेक्षा."

वत्सलाबाईंनी ओसरीवरून पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. सुपातले तांदूळ केव्हाच निवडून झाले होते. तरी त्या पुन्हा पहिल्यापासून निवडायला लागल्या.

"जुनं होतं तेच बरं होतं. काहून हात लावतं?"

"बाबांनीच फोन केला ना. मीटर दिसून नाही राह्यलं म्हणे."

म्हणालेच असतील. दिवा मंद झाल्याची तक्रार भगवंतराव सगळ्या सौंसरभर करत होते. संत्र्याच्या अडतीवर करत, न्हाव्याकडे करत, अगदी जामसांवलीच्या मारुतीसमोरच्या नारळवाल्याकडेसुद्धा करत. चाळीस वर्षांची फियाट, तिचा दिवा मंद होणारच, असं म्हणून लोक मान डोलावत. दिवा मंद होता हे खरंही होतं. पण त्या एका खऱ्याच्या आडोशाला दुसरं एक खरं लपून बसलं होतं आणि ते फक्त वत्सलाबाईंना ठाऊक होतं.

भगवंतरावांना दिसत नव्हतं. दिवसा भागून जायचं, पण तिन्हीसांजेला समोरून गाडी आली की तिचा दिवा त्यांच्या डोळ्यांत फुटल्यासारखा पसरायचा. मीटरवरचा काटा तर त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. "किती झाले वं? या लाइटचं काही खरं नाही," असं त्यांनी एकदा विचारलं, बाईंनी "चाळीस" म्हणून सांगितलं आणि तेव्हापासून ते सुरूच राहिलं. चाळीस. पंचेचाळीस. साठ झाले, कमी करा. डाव्या अंगाने बैलबंडी आहे. लोकांना वाटे बाई नवऱ्याच्या मानगुटीवर बसते. आईला आरटीओत घ्यायला पाहिजे, असं भूपेंद्रच नागपूरहून आला की म्हणायचा. वत्सलाबाई हसून घ्यायच्या. दोघांनी या गोष्टीबद्दल एकमेकांशी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. एकदाच त्या म्हणाल्या होत्या, नागपूरला डोळे दाखवून येऊ, तर भगवंतराव भरल्या ताटावरून उठले होते.

मागच्या महिन्यात पुलाजवळ दूधवाल्याच्या सायकलला गाडी घासली. कॅन लवंडली, दूध रस्त्यावर वाहिलं, पोरगा बिचारा बाजूच्या गवतात पडला आणि कपडे झटकत उठला. "मी हॉर्न दिला होता," भगवंतराव म्हणत राहिले. बाईंना त्या दिवसापासून झोप नव्हती. डोळा लागला की तो पोरगा गवतातून उठतच नसे. लेकाला सांगावं असं दहादा मनात आलं. पण ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाला गाडीची किल्ली दिली नाही, त्याला त्याच्याच पोरासमोर आंधळा ठरवायचं, हे त्यांच्याच्याने होईना. शिवाय खिडकीशी बसून शनिवारी जामसांवलीला जाणं त्यांनाही आवडायचं. ते का नाकारायचं?

आतल्या पत्र्याला पांढरा रंग, नवे एलईडी, गंजलेल्या तारेची घासपूस. सगळं आटोपून भूपेंद्रने खटका दाबला. मीटर असं उजळलं की काचेमागे ऐंशीच्या आकड्यापाशी अडकलेली मेलेली मुंगीसुद्धा दिसली.

"बाबा, या. पाहा आता."

भगवंतराव आले, वाकले, बराच वेळ वाकून राहिले.

"झकास," ते म्हणाले. "चला, आरतीले जाऊन येऊ."

ऊन उतरलं होतं. भूपेंद्र मागे बसला, वत्सलाबाई नेहमीच्या जागी. सौंसर मागे पडलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी संत्र्याचे बगीचे काळे होत गेले. कापसाने फुगलेली एक ट्रॉली समोरून दिवे लावून आली आणि भगवंतरावांचे हात स्टिअरिंगवर आवळले. काटा पन्नासवर होता, लख्ख दिसत होता. आकडा बाईंच्या जिभेवर आला.

आता तो कोणत्या तोंडाने सांगायचा? दिवा मंद होता तोवर सांगण्याला कारण होतं. या उजेडात "पन्नास" म्हणणं म्हणजे मागे बसलेल्या लेकाला सगळं सांगून टाकणं. आणि नाही सांगितलं तर? त्यांनी दरवाजाची मूठ धरली. पुढे पूल होता. बाईंना ते वाहून चाललेलं दूध आठवलं.

"अवं," भगवंतराव हळूच म्हणाले.

वत्सलाबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. इतका वाईटपणा त्यांनी संसारात कधी केला नव्हता. तोंड त्यांनी उघडलं नाही.

भगवंतरावांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यांचा पाय आपोआप सैल पडला. गाडी मंदावली, आणखी मंदावली, बैलाच्या चालीने चालू लागली. मागून एक ट्रॅक्टरवाला भोंगा वाजवत पुढे निघून गेला. पुलाच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं, बाबा?"

"लय पांढरा उजेड केला तू. डोयात जाऊन राह्यला."

"जुने बल्ब लावून देतो उद्या. फेकले नाही मी."

भगवंतरावांनी स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला.

"नाही, राहू दे," ते म्हणाले. "चांगला आहे. आज तू चालव. मी इकडून पायतो, कसा दिसते."

ते उतरले आणि बॉनेटवर हात ठेवत ठेवत गाडीला वळसा घालून आले. वत्सलाबाई मागे जाऊन बसल्या. पहिल्यांदाच त्यांना नवऱ्याची पाठ अशी दिसत होती, ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर, शाळेत नवीन आलेल्या पोरासारखी. आपण हे काय करून बसलो, असं त्यांना वाटलं.

भूपेंद्रने गाडी काढली. पूल गेला. आता पुरता अंधार पडला होता आणि मीटर मागच्या सीटवरूनही वाचता येत होतं. काटा चाळीसवर होता.

भगवंतराव मीटरकडे झुकले. नीट निरखून पाहिल्यासारखं केलं.

"साठ झाले," ते म्हणाले. "कमी कर."

भूपेंद्रने काट्याकडे पाहिलं. मग त्याचे डोळे आरशात आले आणि मागे बसलेल्या आईच्या डोळ्यांना भिडले. वत्सलाबाईंनी नजर चुकवली नाही.

"हो, बाबा," तो म्हणाला आणि पाय उचलला.

काटा तिसावर उतरला.

"आता कसं," भगवंतराव म्हणाले आणि सीटला पाठ टेकून बसले.