हैबती गवंड्याचा रोज

पाडव्याला हैबती गवंड्याचा रोज आठशेचा हजार झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरावरचा सूर्य तीन तास उशिरा मावळला.

यात कुणाला नवल वाटलं नाही. मिरजेच्या त्या सगळ्या पट्ट्यात बांधकामावरच्या माणसाचा दिवस त्याच्या रोजाएवढाच असे. शंभराला तीन तास. आठशेवाल्याला चोवीस तास मिळत, त्यामुळे त्याचं घड्याळ शाळामास्तरांशी आणि पोस्टमनशी जुळे. बिगाऱ्याला पाचशे, त्याचा दिवस पंधरा तासांत आटपे. बायांना चारशे. त्यांना उजाडून भाकरी थापून होईतो ऊन डोक्यावर आलेलं असे. कामावर बायांचा दिवस मावळला तरी गवंड्याचा उभाच असे, आणि कालवलेल्या सिमेंटचा माल तर पोचवायला हवा. म्हणून बाया कपाळाला बॅटरी बांधून आपल्या अंधारातून घमेली आणत आणि गवंड्याच्या उन्हात ठेवून परत जात. मुकादम यल्लाप्पा महिन्याच्या पगारावर होता. त्याचा सूर्य महिन्यातून एकदाच उगवे, त्यामुळे तो अर्धा महिना खूश आणि अर्धा महिना चिडका असे.

ज्याच्या रोजावर चूल पेटते त्याचाच दिवस सगळ्या घराला, असा नियम होता. तो कुणी केला हे विचारायला कुणाला वेळ नव्हता.

हैबतीने रोज वाढवून घेतला तो लेकीसाठी. वैजू पहिलटकरीण. सातव्या महिन्यात रीतीप्रमाणे माहेरी आली होती, आणि पाडव्याच्या सकाळी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बोटं मोजून सांगितलं होतं, "साठ दिवस राहिले." आता डिंकाचे लाडू आले, पाळणा आला, दवाखाना आला. हातावर पोट असलेल्या माणसाला साठ दिवस म्हणजे उद्या-परवाच. तेव्हा त्याने त्याच दुपारी थापी धुतली, गोणपाटात गुंडाळली आणि मुकादमाला म्हणाला, "उद्या जमायचं न्हाई."

गवंडी रोज वाढवा असं तोंडाने कधी म्हणत नाही. ते हलकं समजतात. तो म्हणतो उद्या जमायचं नाही. मग मुकादम त्याला आईवरून दोन शब्द ऐकवतो, मालकाला फोन लावतो आणि इसाराची नोट गवंड्याच्या खिशात कोंबतो. इसार खिशात पडला की बोलणी पक्की. चढलेला रोज उतरत नाही. उतरवायचा तर थापी सोडून घमेलं उचलायचं, आणि कुठल्या गवंड्याने ते केल्याचं ऐकिवात नाही.

हजाराचा दिवस बरा होता. आक्काताईला, म्हणजे हैबतीच्या बायकोला, दुपारी पडायला वेळ मिळाला. वैजू म्हणाली, "आबा, किती निवांत वाटतंय आज."

पण त्या वर्षी गवंड्यांचा दुष्काळ पडला. तरणे होते ते पुण्याला गेले, कुणी दुबईला. उरलेल्यांना दुसरे ठेकेदार फोडू लागले, म्हणून यल्लाप्पा न मागताच इसार कोंबत सुटला. रामनवमीला हैबतीला बाराशे झाले. पुढच्या अवसेला सोळाशे. वैजूचे चाळीस दिवस राहिले होते, आणि एकेक दिवस दोन दिवसांचा झाला होता.

बाळंतपणाचं असं असतं, की दिवस भरतात ते दिवसांनीच. तासांशी त्यांना देणंघेणं नाही. वैजू सकाळी उठायची, न्हायची, जेवायची, झोपायची, उठायची, आणि तरी तीच सकाळ असायची. तिच्या पायांवर सूज आली. बाळ पोटात लाथा मारायचं, दमायचं, निजायचं, जागं होऊन पुन्हा मारायचं, आणि नर्सबाई म्हणायच्या, "दिवस कुठं भरलेत? एकच तर झाला."

जावई एसटीत कंडक्टर होता. सरकारी माणूस, चोवीस तासांचा. त्याचा फोन यायचा.

"मामा, तुमच्याकडं आज वार कंचा?"

"सोमवार."

"आमच्यात बुधवार बी उलटला. कायतरी बघा की."

हैबती म्हणायचा, बघतो. काय बघायचं ते त्याला कळत नव्हतं. सूर्याला काय दोरी बांधून ओढायचा?

कामावरही माणसं घटत गेली. एका गवंड्याच्या एकाच दिवसात अख्खा मजला उठू लागला, मग तिघे कशाला? मालकाने एकेकाला कमी केलं. सकाळी नाक्यावर जिथे दोनशे माणसं थापी आणि ओळंबा घेऊन उभी असायची, तिथे आता एक कुत्रं बसलेलं असे. हजेरीच्या वहीवर गवंडी म्हणून एकच नाव राहिलं, हैबतीचं, आणि रोज चोवीसशे. म्हणजे बहात्तर तास.

"ऐकलंसा का," आक्काताई एकदा म्हणाली. "दूधवाला दिवसात तीन बारीला येतोय. पिठाचा डबा तीन बारीला भरावा लागतोय. मग वाढलं ते काय?"

हैबतीने मनात हिशेब घातला. शंभराला तीन तास, पहिल्यासारखेच. वाढलं होतं ते फक्त उभं राहणं. त्याने हे बायकोला सांगितलं नाही. गल्लीत लोक त्याला सावकार म्हणू लागले होते आणि त्याला ते गोड लागलं होतं, हे खरं सांगायला पाहिजे.

वैजूचे वीस दिवस राहिले तेव्हा तिने एका संध्याकाळी, म्हणजे जी संध्याकाळ व्हायला अजून फार वेळ होता त्या संध्याकाळी, भिंतीला टेकून विचारलं, "आबा, दिवस कवा मावळायचा वं?" तिचे ओठ सुकले होते. हैबतीने पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला. हिच्यासाठीच मागितला होता तो रोज.

त्याच गल्लीत समोर मालन राहायची. हैबतीच्या हाताखाली माल द्यायला होती. नवरा गेलेला, चूल तिच्या चारशेवर. तिशीतच केस पांढरेफटक झालेले, कारण लोकांच्या एका दिवसात तिचे दोन दिवस उलटत. तिची लेक साडेचार महिन्यांत झाली होती आणि त्यावरून लोकांनी नाही नाही ते बोलून घेतलं होतं. वैजूला कळा लागल्यासारखं वाटून काहीच झालं नाही, त्या दिवशी मालन त्यांच्या दारात आली.

"माझ्यात पाठवा तिला," मालन म्हणाली. "माझं दिस बारीक हायत, पर पटापटा भरत्यात. वीस दिस म्हंजे तुमच्या साडेतीन दिसांत उरकंल."

आक्काताई उसळली. "पयलं बाळंतपण आन् बिगारणीच्या घरात? लोक शेण घालतील तोंडात."

"घालू द्या. लेकीच्या तोंडात काय जातंय ते बघा."

 आक्काताईने वैजूचं गाठोडं बांधायला घेतलं.

ठरलं असं. दोघी मायलेकी मालनकडे राहणार. मालनच्या चुलीवरचंच खाणार, इथला घोटही नाही, नाहीतर दिवस मिसळतात. मालनने एकच बजावलं, "दादा, बाळ झालं की त्याच पावली न्या. ज्याच्या चुलीवरनं माणूस आलं, त्यानंच हाताला धरून न्यावं लागतं, न्हाईतर माघारी जाता येत न्हाई. माझ्यात ऱ्हायलं की वय बी पटापटा भरतंय."

"चौथ्या दिशी सुट्टी टाकतो आन् येतो," हैबती म्हणाला.

वैजूने गल्ली ओलांडली. मध्यावर तिच्या अंगावरचं ऊन निघून गेलं आणि ती मालनच्या अंधारात शिरली. दारातून मागे वळून हात हलवला असावा. इकडच्या उजेडातून नीट दिसलं नाही.

तीन दिवस हैबतीने मुकाट्याने काम केलं. पाचव्या मजल्याला बांधलेल्या बांबूच्या परांचीवरून त्याला गल्ली दिसायची. मालनच्या छपरावर उजाडायचं, अंधारायचं, उजाडायचं. तो मोजत राही. चौदा, पंधरा, सोळा. तिसऱ्या दिवसाच्या शेवटी अठरा झाले. म्हणजे उद्या सकाळीच दिवस भरणार. घरची चूल थंड, डबा रिकामा, आणि हैबती मनातल्या मनात नातवंडाचं नाव शोधत होता. मुलगी झाली तर आपल्या आईचं ठेवायचं, कृष्णा.

चौथ्या सकाळी तो परांचीवर होता. एका हातात थापी, दुसऱ्या हातात मालाची पाटी. खाली यल्लाप्पा आला. त्याचा अंधाराचा पंधरवडा चालू होता, तो चाचपडत शिडी चढला.

हैबती म्हणाला, "मुकादम, आज जमायचं न्हाई."

त्याच्या तोंडून हेच शब्द निघाले. सुट्टी मागायला त्याच्याकडे दुसरे शब्दच नव्हते. तीस वर्षांत त्याने हे वाक्य एकाच कामासाठी वापरलं होतं.

यल्लाप्पाने सुस्कारा सोडला. "आता रं काय? चोवीसशे पुरंनात?"

"रोज नगं मला. सुट्टी पायजे. लेक बाळंत व्हायलीया."

"व्हय व्हय. मागच्या बारीला तुझी म्हैस व्याली हुती."

"ती व्यालीच न्हाई, तवा खोटं बोललो. आता खरं बोलतोय."

"तवा बी असंच म्हणाला हुतास." यल्लाप्पाने फोन कानाला लावला, दोनदा हां हां म्हणाला आणि बंद केला. "मालक म्हणत्यात, अख्ख्या जिल्ह्यात आता तूच एक उरलाईस. मागशील त्यो रोज."

"किती?"

"आकडा न्हाई. मागशील त्यो."

"मी मागतच न्हाई!" हैबती ओरडला. पण त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते. यल्लाप्पाने अंधारात त्याची छाती चाचपली, खिसा सापडला आणि इसार कोंबला. मग तो आपल्या रात्रीत शिडी उतरून गेला.

हैबतीने पाटी खाली ठेवली आणि खिशात हात घातला. हाताला सिमेंट होतं, नोट खिशाला चिकटून बसली होती. ओढली तर खिसा फाटू लागला. त्याने वर पाहिलं. सूर्य बरोबर डोक्यावर होता आणि त्याची सावली पायाखाली, तळव्याएवढी. सकाळचे आठ वाजले होते, इतक्यात दुपार कशी? मग त्याच्या लक्षात आलं, की ज्या दिवसाला आकडा नाही त्याला सकाळही नसते.

उतरून जावं असं मनात आलं. पण दिवस अर्धा टाकून जाणाऱ्याचा खाडा पडतो, आणि ज्याचा खाडा पडला तो त्या दिवशी कुठेच नसतो. मागच्या वर्षी रावसाहेब सेंट्रिंगवाला भर उन्हात उतरून घरी गेला होता. बायकोने त्याच्या अंगावरून झाडलोट केली आणि दार लावून घेतलं. बिचारा दिवस मावळेपर्यंत स्वतःच्या अंगणात नसल्यासारखा उभा होता. पण त्याचा दिवस निदान मावळणारा होता.

गल्लीत उजाडलं, अंधारलं. उजाडलं. लेकराच्या रडण्याचा आवाज आला, बारीक आणि चिडका. हैबती परांचीच्या कडेला आला.

"काय झालं?" त्याने दोन्ही हात तोंडाशी धरून विचारलं.

"पोरगी!" आक्काताईचा आवाज अंधारातून आला. "या की खाली!"

"आलो!" तो म्हणाला. "दिवस मावळला की आलो!"

त्याला रडू आलं आणि ते त्याने येऊ दिलं. मग कामच आवरलं तर दिवसही आवरेल, असं वाटून तो भिंतीकडे वळला आणि झपाट्याने गिलावा मारू लागला. मागे उजेड-अंधार, उजेड-अंधार, उघडझाप चालली होती. एकदा वैजू खालून हाक मारून म्हणाली, "आबा, बारशाला आलाच न्हाईसा." तो थापी टाकून वळेपर्यंत ती गेली होती. मग बराच वेळ, म्हणजे त्याच्या चार-पाच हात गिलाव्याएवढा, कुणी आलं नाही.

शिडीवर पावलं वाजली. पुढचे दोन दात पडलेली एक पोर फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन उभी होती.

"आई म्हणली, ह्ये आजोबा हायत. त्यांला नेऊन दे."

"तुझं नाव काय गं?"

"कृष्णा."

हे नाव त्याने कुणाला सांगितलेलं नव्हतं. तो भाकरी घ्यायला वाकला, तर तिच्या अंगावरचा अंधार त्याच्या हाताला गार लागला. भाकरी मालनच्या चुलीवरची होती. खाल्ली तर दिवस मिसळतील, असं त्याला आठवलं, आणि त्याने घाईघाईने मोठा घास तोडून तोंडात टाकला. चावला, गिळला, वर पाहिलं. सूर्य होता तिथेच होता.

"आई कशी हाय?" त्याने विचारलं. पण शिडीवर कुणी नव्हतं.

खाली गल्लीतून पांढऱ्या केसांची एक बाई कपाळाला बॅटरी बांधून, डोक्यावर घमेलं घेऊन बांधकामाकडे येत होती. मालन असेल, असं त्याला आधी वाटलं. पण ती मध्यावर थांबली, डोळ्यांवर हात धरून तिने वर त्याच्या उन्हाकडे पाहिलं, आणि बाळंतपणाला माहेरी आलेली वैजू चालायची तशी, कमरेवर एक हात ठेवून, शिडी चढू लागली.

"आबा," ती म्हणाली आणि घमेलं त्याच्या पायाशी ठेवलं. "माल."

पाटीतला सकाळचा माल अजून ओलाच होता.