मी मधोमध तुटले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी काँक्रीटची तुळई आहे. खरे सांगायचे तर तुळईचे दोन तुकडे आहे. प्रयोगशाळेच्या खिडकीखाली मी पडून असते. त्या सकाळचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

लोखंडी साच्यात माझा जन्म झाला. सिमेंट, वाळू, खडी आणि त्यात मिसळलेल्या पोलादाच्या बोटभर लांबीच्या बारीक तारा. साध्या काँक्रीटला तडा गेला की ते एका झटक्यात तुटते. माझ्यासारखीला तडा गेला, तर तारा दोन्ही बाजू धरून ठेवतात. मी हळूहळू वाकते आणि खालच्या माणसांना पळायला वेळ मिळतो.

पक्की व्हावी म्हणून अठ्ठावीस दिवस मी पाण्यात होते. तेवढ्या काळात संशोधक ताईने संगणकावर माझी प्रतिकृती केली. तिच्यावर भार टाकून तडे कसे पसरतात ते ती बघे. पडद्यावरची मी दर वेळी शहाण्यासारखी वाकायची. त्याच गणितावर विसंबून शाळेजवळचा, कालव्यावरचा पादचारी पूल दुसऱ्या दिवशी ओतायचा होता. माझी परीक्षा ही शेवटची खातरजमा.

यंत्र मला दाबू लागले. मी निर्धास्त होते. आणि फाडकन मधोमध तुटले! वाकले नाही, कुरकुरले नाही. माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

"यंत्र बिघडलंय," प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले. "ही काय काडी आहे अशी मोडायला?"

गुडघे टेकून ताईने माझ्या तुटलेल्या तोंडावरून बोट फिरवले.

"सर, एकही तार बाहेर आलेली नाही. सगळ्या आडव्या झोपल्यात. मामा, ही ओतली कशी होती?"

मामा म्हणजे काँक्रीट कालवण्यात केस पिकवलेले प्रयोगशाळेतले मदतनीस. त्यांनी हातातले फडके चुरगाळले.

"मी एका टोकाकडून, गवंडीभाऊ दुसऱ्या. पटकन उरकावं म्हणून. माल मध्ये येऊन मिळाला. चुकलं का गं पोरी?"

"चूक माझी, मामा. मी पडद्यावर तारा सगळीकडे सारख्या पेरल्या. तुम्हाला आधी विचारलंच नाही."

माल जिथे मिळाला, तिथे कोणतीच तार पलीकडे गेली नव्हती. ताईने संगणकात तेवढाच पट्टा बिनतारेचा केला. पडद्यावरची मीही फाडकन तुटली. "यंत्र ठीक आहे," सर म्हणाले. ताईने लगेच पुलाच्या मुकादमाला फोन लावला.

"उद्या पूल कसा ओतणार?"

"दोन गाड्या, दोन टोकांना. बारापर्यंत मोकळे!"

"नाही! एकाच टोकाकडून ओता. मध्ये थांबू नका."

"अहो ताई, अख्खा दिवस जाईल की माझा!"

"जाऊ द्या. मध्ये माल मिळाला तर पूल पोरांसकट खाली येईल. आधी वाकणारसुद्धा नाही."

मग मुकादम हळूच म्हणाले, "दोन्ही गाड्या एका बाजूला लावतो."

मित्रांनो, तो पूल उभा आहे. तरी मला अजून धडकी भरते. मामा मान खाली घालून गप्प राहिले असते तर? म्हणून एवढेच मागते. एखादी वस्तू वापरण्याआधी ती घडवणाऱ्या हातांना विचारा. आणि ते हात तुमचे असतील, तर कोणी विचारण्याची वाट पाहू नका. माझ्या पोटात काय कमी आहे, ते मला ओरडून सांगता येत नव्हते. तुम्हाला बोलता येते.