घरचा गंधार

जूनमध्ये मुख्याध्यापक गुलाबराव सरांनी मला ऑफिसात बोलावून सांगितलं, की यंदापासून गाण्याचा तास उलटा होणार. म्हणजे मुलांनी धडा घरी मोबाइलवर ऐकायचा, तिथेच गाऊन बघायचं. अ‍ॅपमधलं एआय एकेक सूर तपासून हिरवा नाहीतर लाल करणार, आणि वर्गात मी फक्त सराव घ्यायचा. जळगाव जामोदच्या या शाळेत मी बावीस वर्षं गाणं शिकवते आहे. कान हा माझा धंदा. तो मोबाइलच्या हाती द्यायचा, हे मला पहिल्या दिवसापासून खटकलं आणि मी ते सरांच्या तोंडावर बोललेही.

"अनुपमा मॅडम, जमाना बदलून राह्यला," सर म्हणाले. "पाहा तर खरं."

पाहिलं. पहिल्याच महिन्यात अ‍ॅपने वर्गाचा गंधार लाल केला. सा, रे हिरवे, गंधार लाल, पुढे पुन्हा सगळं हिरवं. रुपालीचासुद्धा! रुपाली पाचवीपासून माझ्या पेटीवर गाते, तिच्या सुराची हमी मी झोपेतही देईन. मला हसू आलं. यंत्राचा कानच फुटका निघाला, दुसरं काय!

अख्ख्या वर्गात एकाच मुलीचा गंधार हिरवा येत होता. महामायाचा. तिचे वडील धम्मरत्न वायरमन. यंदाच बीबी गावाहून त्यांची इकडे बदली झालेली. मुलगी गाणं कधी शिकलेली नाही. वर्गात पेटीवर गायला लागली, की नेमकी गंधाराला वर सरकायची आणि माझ्या कानाला टोचायची. वर्गात बेसूर आणि घरी शंभरपैकी शहाण्णव? कुठेतरी पाणी मुरत होतं. हे एआय कुणाच्याही आवाजाला सुरात बसवून देतं, एवढं मीही वाचलं होतं.

ऑगस्टमध्ये अमरावतीच्या स्पर्धेला शाळेतून एकच नाव पाठवायचं होतं. मी रुपालीचं दिलं. सरांनी अ‍ॅपची यादी पुढे सरकवली, वर महामाया.

"ही चोरी आहे," मी म्हणाले. "येत्या शनिवारी वर्गासमोर सिद्ध करते. नाही झालं तर तिचंच नाव पाठवा."

त्याच दुपारी मी महामायाला व्हरांड्यात गाठलं. "घरी कोण गातं गं तुझ्या मोबाइलवर?"

"मीच गातो ना, मॅडम."

"खोटं बोलू नकोस. मोबाइल तुझा सूर दुरुस्त करतो. वर्गात का नाही लागत मग?"

तिचे डोळे भरले. मला वाईट वाटलं नाही, हे कबूल करते. उलट बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात तिचा गंधार पेटीला चिकटून बसायला लागला. एका रात्रीत! माझा संशय आणखी बळावला. पोरगी पक्की होती.

शनिवारी मी घरून माझा तंबोरा आणला. पेटी हाताशी आल्यापासून तो गवसणीतच होता. पेटीच्या मागे कुणीही सूर पकडतं. तंबोऱ्यात गंधाराची तार नसते, तिथे गाणाऱ्याला तो स्वतःच लावावा लागतो. मी महामायाचा मोबाइल टेबलावर ठेवून घेतला, तंबोरा चांगला अर्धा तास लावला आणि तिला समोर बसवलं.

"आरोह म्हण. सावकाश."

तिने माझ्याकडे पाहिलं, तंबोऱ्याकडे पाहिलं, पण तोंड उघडेना.

"काय झालं? मोबाइलवाचून अडलं का?"

"नाही, मॅडम." ती घाबरत म्हणाली, "गंधार घरचा लावू का शाळेतला?"

"दोन कसे असतील गं?"

"शाळेतला जरा खाली हाय. तुम्ही रागावल्या, तवापासून मी इथं तोच लावतो."

"घरचा लाव," मी म्हणाले.

तिने लावला. तंबोरा नीट लागला, की खर्जाच्या तारेतून न वाजवता गंधार आपोआप ऐकू येतो. हे मी दरवर्षी वर्गात सांगते. तिचा आवाज त्या गंधारात असा मिसळला, की तिचा कोणता आणि तारेचा कोणता, मला वेगळं करता येईना. मी हात लांबवून पेटीवरची गंधाराची पट्टी दाबली. सूर उतरलेला होता. कधीपासून, देव जाणे. हळूहळू उतरला असणार आणि त्याच्यासोबत माझा कानही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकला! मॅडम, तिचा चुकला!" वर्ग ओरडला. सगळ्यांत मोठा आवाज रुपालीचा.

"नाही," मी म्हणाले. "तिचा बरोबर आहे. पेटी उतरली आहे. इतकी वर्षं मीच चुकीचा शिकवला." मग सगळ्यांसमोर मी स्पर्धेच्या अर्जावर महामायाचं नाव लिहिलं.

"मॅडम, तुमचा कसा चुकीन?" रुपाली समजूत घातल्यासारखी म्हणाली, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मी पेटी बंद केली. तंबोरा पुन्हा छेडला आणि रुपालीला म्हणाले, "आता तू ऐक आणि लाव."

तिने डोळे मिटले, थोडा वेळ ऐकलं आणि अगदी मनापासून माझा गंधार लावला.