संपातली खिचडी

सिंधूबाईच्या अंगणात मी पाय ठेवला, तर समोर चक्क पंगत! बावीस लेकरं मांडी घालून बसलेली, पुढ्यात ताटल्या, आणि हातात पळी घेतलेली सिंधूबाई एकेकाला दटावत होती, "सांडू नको रे, कोंबड्या टपून राहिल्या!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी आमच्या अंगणवाडी संघटनेची सेनगाव तालुक्याची अध्यक्ष. संपाचा पंधरावा दिवस होता. तालुक्यातल्या साऱ्या अंगणवाड्यांना कुलूप, आणि इथं आमचीच मदतनीस खिचडी वाढत होती! सिंधूबाईनं संप फोडला म्हणून सकाळपासून चार फोन आले होते. मिळेल त्या जीपमध्ये घुसून मी आले होते.

"सिंधूमावशी, काही वाटतं का जिवाला? तिकडं आमी घसा फोडून राहिलो, अन् तुमी इथं पंगती उठवून राहिल्या!"

तिनं पळी खाली ठेवलीसुद्धा नाही. "रूपाताई, संप कोणासंगं हाये आपला?"

"सरकारसंगं."

"मंग मी सरकारला थोडीच जेवू घालून राहिले?"

कप्पाळ! मी गपकन बाजेवर बसले.

"दहा वाजले की ताटल्या घेऊन कुलपापाशी येऊन बसतेत," ती सांगू लागली. "संप म्हंजी काय, ते ह्यायला कोण सांगावं? कुलूप बराबर हाये, मी हात लावला न्हाई. तांदूळ गावातल्या बायायनं मूठ-मूठ दिला. तेल माझं. अन् त्या बारक्या शिवकन्येला दूध आमच्या शेळीचं. लई मोठी तकलीफ हाये तिची, वजनच भरंना."

तेवीस वर्षं ती मदतनीस होती. नवरा नामाजी शेळ्या-मेंढ्या राखायचा आणि ही गावाची लेकरं. झाडणं, पाणी भरणं, रांधणं, नाकं पुसणं. सेविका चार बदलल्या, ही तिथंच. आणि कागदावर हे काम नाहीच, सेवा आहे! सेवेला पगार नसतो, मानधन असतं. आमचं भांडण एवढंच, की बाबांनो, कामाला काम म्हणा.

एवढ्यात दारात स्कूटी थांबली. पर्यवेक्षिका मॅडम! घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

पंगत बघून मॅडमचा चेहरा फुलला. "शाब्बास सिंधूबाई! मला एवढंच हवं होतं. चला, लेकरं घेऊन अंगणवाडीत चला. कुलूप उघडा, पाटीखाली एक फोटो, हजेरीवर सही. तुमची नोटीस मी रद्द करून घेते."

आजच्या तारखेपर्यंत कामावर या, नाहीतर सेवा समाप्त, अशी नोटीस पंचवीस जणींना आली होती. सिंधूबाईच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. आता काढलं तर निवृत्तीचे पैसे बुडाले, उतारवयातला आधारच गेला. आणि तो फोटो निघाला, तर संध्याकाळपर्यंत तालुक्यातला संप आडवा! कुलूप उघडा म्हणू कोणत्या तोंडानं, आणि उघडू नका म्हणू तरी कोणत्या?

सिंधूबाईनं शेवटच्या पोराला वाढलं. मग म्हणाली, "चावी ती काय, खुंटीला हाये मॅडम. पण मी उघडणार न्हाई."

"अहो, काहून हट्ट करता? जेवू घालताच आहात ना? तेच तिथं घाला."

"इथं मी लेकरायला जेवू घालते. तिथं गेले की तुमाला फोटो देते. ते न्हाई जमायचं."

मॅडम वाईट नव्हत्या. वरून फोन आला, की त्यांचाही जीव टांगणीला लागायचा. त्यांनी पर्समधून दुसरं पत्र काढलं आणि खाली बघत म्हणाल्या, "मग हे घ्या. उद्यापासून तुम्ही मदतनीस नाही. पोच द्या."

"हे पत्र मागं घेतल्याबिगर आमचा संप मागं होणार न्हाई!" मी ताडकन उठून ओरडले. ज्या बाईला झापायला आले होते, तिच्यासाठीच आता भांडत होते. "पैली मागणी हीच! लिहून घ्या!"

"वरडू नका ताई," सिंधूबाई म्हणाली, "लेकरं भेतेत."

तिनं पदराला हात पुसले. पत्र गुडघ्यावर ठेवून सावकाश सही केली, सबंध नाव, एकही अक्षर न गाळता. पेन परत देताना मॅडमकडे बघून म्हणाली, "इतक्या उन्हाचं आल्या. जेवता का?"

मॅडमनी पोच पर्समध्ये ठेवली. मग चपला काढून पंगतीच्या टोकाला, लेकरांशेजारी बसल्या. सिंधूबाईनं आतून ताटली आणली आणि त्यांना वाढलं, लेकरांना वाढलं होतं तेवढंच.