झाकलेली ओळ

मित्रांनो, वाळवीने कुरतडलेल्या माझ्या कडा पाहून नाक मुरडू नका. मी कथांचे एक जुने पुस्तक आहे. घाना देशातल्या अक्रा शहरातल्या छापखान्यात माझा जन्म झाला आणि व्होल्टा सरोवराच्या काठी, क्पांदो गावात माझे आयुष्य गेले.

तिथल्या शाळेत मला मागणी पुष्कळ होती, माया मात्र नव्हती. परीक्षा जवळ आली की मुली मला उघडत, तात्पर्य उतरवून घेत आणि मिटून टाकत. पुढे नवी पुस्तके आली आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तिथून मला अग्बेको मास्तरांनी उचलले. मास्तर तेव्हा निवृत्त झाले होते. एन्योनाम नावाची एक तरुण शिक्षिका त्यांच्याकडे यायची. तिला कथा लिहायची होती, तिच्या भावाची.

तिचा भाऊ सेलोर्म सरोवरात बुडाला होता. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या झाडाच्या खुंटावर त्याची होडी आपटली होती. त्या दिवशी त्याची आई, आब्ला, रडली नाही. बातमी घेऊन आलेल्या कोळ्याला तिने बसवून घेतले आणि अक्प्ले, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा, नि भेंडीचे कालवण वाढले. "बाई आहे की दगड!" असे गाव म्हणाले. एन्योनामही तेव्हापासून आईशी कामापुरतेच बोलू लागली.

तिची कथा ऐकून मास्तरांनी विचारले, "तुझ्या कथेतली आई हंबरडा फोडते. तुझी आई रडली होती का गं?"

"नाही. पण कथेतल्या आईने तरी रडायला नको का?"

मास्तरांनी मला तिच्या हाती दिले. "हे घे. पण वाचकासारखं वाचू नकोस, चोरासारखं वाच. कडी कुठे, फट कुठे, लिहिणारा आत कसा शिरला, सगळं हेरायचं."

माझ्यातल्या एका कथेत एका बाईला तिचा मुलगा गेल्याचे कळते. तिथली पुढची ओळ मास्तरांनी कागदाच्या पट्टीने झाकली. "आता तू लिही. पुढे काय?"

एन्योनामने लिहिले, 'तिच्या डोळ्यांना आसवांचा पूर आला.' मास्तरांनी पट्टी उचलली. खाली एवढेच होते: 'तिने चुलीतले एक लाकूड मागे ओढले.'

"बस? ही रडलीच नाही?"

"शोध की. सापडलं तर मलाही दाखव."

ती शोधत राहिली. तिने ती कथा हाताने उतरवून काढली, वाक्ये मागेपुढे करून पाहिली. लाकडाच्या ओळीपाशी मात्र तिची पेन्सिल अडायची. एके दुपारी त्या बाईच्या जागी तिला कोळ्याला वाढणारी आपली आई दिसली आणि त्याच ओळीवर तिच्या डोळ्यांतले पाणी पडले. तो डाग अजून माझ्या अंगावर आहे.

मग तिने आपली कथा नव्याने लिहिली. आईने त्या दिवशी जे केले, तेवढेच लिहिले. ती ऐकायला मास्तर राहिले नाहीत. दम्याने ते आधीच गेले. म्हणून तिने ती आईला वाचून दाखवली. आब्ला मासे निवडत ऐकत होती. जेवायला वाढल्याचे वाक्य आले आणि तिचे हात थांबले.

"तो ओला होता. ते नाही लिहिलंस."

"कोण, आई?"

"तोच गं, निरोप घेऊन आलेला. आपल्या सेलोर्मसाठी पाण्यात उडी घेतली होती त्याने. बाहेर तो कोरडा, गार वारा सुटलेला, दात वाजत होते बिचाऱ्याचे. तसाच उपाशी पाठवू?" हातातला मासा टोपलीत टाकून ती म्हणाली, "माझ्या लेकराला शेवटचा हात त्याचाच लागला होता."

"तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

एन्योनामने कागद खाली ठेवले. ती आईजवळ सरकली आणि टोपलीतले मासे निवडू लागली. पण दोघींना फार दिवस मिळाले नाहीत. त्याच वर्षी तापाने आब्ला गेली. एन्योनामच्या कथेत 'तो ओला होता' हे वाक्य आले. ते ऐकायला आई नव्हती.

मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, वाळवीपासून जपा, इतके तर मी मागणारच. पण पान उलटायची घाईही करू नका. जिथे काहीच घडत नाही असे वाटते, तिथे जरा थांबा. माझ्या ओळीपाशी एन्योनाम महिनोन्महिने थांबली. आपल्या आईपाशी थांबायला मात्र तिला फार उशीर झाला.