नात्याचा रकाना

“आज तरी करणार ना गं डोळा, की नुसतंच औषध घालून घरी पाठवणार?” मावशीने खाटेवरूनच विचारलं. हातातल्या फॉर्मकडे मला बघवेना. ‘सोबत आलेल्या नातेवाइकाची सही’ हा रकाना कोरा होता. त्याखालचा ‘रुग्णाशी नातं’ हाही.

ही तिची तिसरी खेप. याआधी दोनदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून, चार-चार तास बसवून, ऐन वेळी ‘सोबत नातेवाईक नाही’ म्हणून तिला परत पाठवलं होतं. थेंब घातलेल्या डोळ्याला उन्हात काही दिसत नाही, आणि तिच्या दुसऱ्या डोळ्यात आधीच धुकं. अशी सत्तरी उलटलेली बाई भिंत चाचपत दोन मजले उतरली आणि एकटी रस्ता ओलांडून घरी गेली. दोन्ही दिवशी या वॉर्डाची नर्स म्हणून मीच ड्यूटीवर होते. सांगताना लाज वाटते.

दुसऱ्या वेळी तर बिचारीने माणूसही आणला होता, तिचे कपडे इस्त्री करणारा. तो दुकान बंद ठेवून आला, सही ठोकून मोकळा झाला. पण आमच्या कार्यालयाचे प्रमुख, ज्यांना आम्ही पाठीमागे शिक्केसाहेब म्हणतो, त्यांनी नातं विचारलं आणि तो सरळ म्हणाला, “कपडे इस्त्री करतो.” खोटं बोलायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. झालं, फॉर्म बाद. त्याला तिथूनच परत पाठवलं, मावशीला सांगितलं ते मागाहून.

आणि मावशी काही परकी नव्हे. याच इस्पितळाच्या शिवणखोलीत तिने अठ्ठावीस वर्षं काढली. डोळ्याच्या ऑपरेशनला चेहऱ्यावर टाकतात ती मधे भोक असलेली हिरवी चादर तीच शिवायची. भोकाची कड पापणीला टोचू नये म्हणून दुहेरी दुमडून बारीक टाके घालायची. तसं करायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. नवरा गेला, मूलबाळ नाही, बरोबरीच्या बायका एकेक करून गेल्या. दिवसभरात तिच्याशी बोलणारं कोण, तर दाराशी येणारा तो इस्त्रीवाला. सुई ओवता येईना तेव्हापासून हातातलं कामही सुटलं. “नजर परत आली की शिवत बसेन, मग मला कोणी नको,” असं ती म्हणायची.

एक पुतण्या आहे. मी त्याला फोन लावला.

“काकूंना सांगा, पुढच्या महिन्यात नक्की जमवतो.”

“मागच्या महिन्यातही हेच म्हणालात. मोतीबिंदू पार पिकलाय. डॉक्टर म्हणतात, आता थांबलं तर डोळा जाईल.”

“मग मी फोनवर हो म्हटलेलं चालेल का?”

मी फोन ठेवला. नाहीतर तोंडातून काय निघालं असतं कोण जाणे.

तशीच शिक्केसाहेबांकडे गेले.

“नियम रुग्णाच्या भल्यासाठीच आहे, सिस्टर. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?”

“आणि डोळा गेला तर?”

“तुम्ही भावनेच्या भरात बोलताय.”

“मी रागाच्या भरात बोलतेय, साहेब.”

त्यांनी पुढचा कागद ओढून घेतला.

वॉर्डात परत आले तर मावशी खाटेवरून पाय खाली सोडून चपला चाचपत होती. “राहू दे गं. माझ्यापायी तुला बोलणी बसतील. मला सवय आहे परत जायची.”

त्या ‘सवय आहे’ने माझं डोकंच फिरलं. मी फॉर्म खाटेवर ठेवला, सही केली आणि नात्यापुढे लिहिलं, ‘भाची’.

डॉक्टरांनी फॉर्म बघितला, माझ्याकडे बघितलं आणि ते हात धुवायला गेले. मावशीच्या तोंडावर चादर टाकली तसा आतून आवाज आला, “ही कड कोणी शिवलीय? टोचतेय मेली.” डोळा वाचला.

तिसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. खोटं नातं दाखवल्याबद्दल लेखी खुलासा द्यायचा होता.

“ती तुमची मावशी आहे?” शिक्केसाहेबांनी विचारलं.

“अख्खं इस्पितळ तिला मावशी म्हणत आलंय.”

“म्हणतात तर सगळेच.”

“मग सगळ्यांनीच सह्या करायला हव्या होत्या.”

खुलासा लेखीच हवा, असं त्यांनी पुन्हा बजावलं.

पुढच्या ऑपरेशनच्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या बाकावर तीन म्हातारी माणसं बसलेली दिसली, एकेकटी, एकमेकांना न ओळखणारी. तिघांनाही कधी ना कधी आम्हीच परत पाठवलं होतं. नंतर ती फिरकली नाहीत, आणि आम्ही रजिस्टरात ‘रुग्ण आला नाही’ असं लिहून मोकळे झालो होतो.

सदऱ्याची बटणं खालीवर लागलेले एक आजोबा उठून उभे राहिले. “सिस्टर, इथं सही मिळते असं इस्त्रीवाल्याकडून कळलं.”

माझा खुलासा अजून लिहून व्हायचा होता. मी त्यांचा फॉर्म घेतला, सही केली.

“नातं काय लिहू?”

ते जरा घुटमळले. “तुम्हाला परवडेल ते.”

मी ‘मुलगी’ लिहिलं. त्यांनी कागद मागून घेतला, पार डोळ्याला लागेल इतका जवळ नेला, आणि बराच वेळ परत दिला नाही.