दोन कड्यांची मोजणी

खोटं बोलणाऱ्याला एक वेळ माफ करावं, पण आपलं खोटं दुसऱ्याच्या गळ्यात बांधून वर त्याच्याकडे दयेनं बघणाऱ्याचं काय करावं? त्या रविवारी दुपारी प्राचीला नेमकं हेच कळत नव्हतं.

जर्मनीतल्या आखनच्या एका कॉलेजची अमेरिकन फुटबॉलची टीम होती. नाव ‘बुलन’, म्हणजे बैल. प्राची त्याच कॉलेजात भूमापनात डॉक्टरेट करत होती आणि तिला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला तिथे ओढलं ते श्रीरंगनं. तो पुण्याचा, तिच्याच विभागात संशोधन करणारा, टीमचा मॅनेजर, आणि जर्मन असं बोलणारा की जर्मनांनी ऐकत राहावं. एप्रिल २००७ मध्ये मोसम सुरू झाला तेव्हा तो म्हणाला, “अगं, साखळी धरायला माणूस हवंय. तुझं तर हे खानदानी काम!”

ते मात्र खरं होतं. प्राचीचे वडील शशिकांत सिन्नर तालुक्यात सरकारी मोजणीदार. तेहतीस फुटी साखळीमागे सगळी नोकरी उन्हात गेली. शेजाऱ्याचा बांध कोरणाऱ्यानं कोंबडी पाठवली तर ती परत जायची, धमकी पाठवली तर तीही परत जायची. “साखळीला सोयरंधायरं नसतं,” एवढंच ते म्हणायचे.

या खेळातही सगळा झगडा जमिनीचाच. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांना. त्यासाठी दहा यार्डांची साखळी, तिच्या दोन टोकांना दोन काठ्या. पुढची काठी श्रीरंगकडे, मागची प्राचीकडे. साखळी मैदानावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर जिथे येते, त्या कडीला एक चिमटा लावायचा. वाद झाला की साखळी आत न्यायची, चिमटा त्याच पट्ट्यावर टेकवायचा आणि साखळी ताणायची. काठ्या हलल्या तरी चिमट्यामुळे माप हलत नाही. तो चिमटा प्राचीच्या ताब्यात. साखळी धरणारी माणसं यजमान टीमची असली तरी उभं राहायचं पाहुण्यांच्या बाकासमोर, आणि पक्ष कुणाचाच घ्यायचा नाही.

मोसमभर दोघांनी पाहुण्यांच्या बाकासमोर उभं राहून मराठीत पाहुण्यांचीच टर उडवली. कोण समजतंय! बुलन जिंकत गेले तशी प्राची त्या टीममध्ये रुळली. आखनला येऊन तीन वर्षं झाली तरी तिचं नाव गावात दोनच ठिकाणी होतं, टपालपेटीवर आणि आउसलेंडरबेहोर्डच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीच्या, फायलीत. आता तिसरं ठिकाण मिळणार होतं. मोसम संपला की टीममधल्या प्रत्येकाला निळं जाकीट मिळायचं, पाठीवर नाव असलेलं, आणि कोच डीटरनं तिलाही ते कबूल केलं होतं. ती त्या जाकिटाची लहान मुलासारखी वाट बघत होती.

शेवटचा सामना कोलोनच्या विद्यार्थ्यांशी. जिंकेल तो वरच्या गटात. सुरुवातीलाच श्रीरंगनं त्यांच्या बाकावरच्या एका सावळ्या, बसून राहिलेल्या खेळाडूकडे बोट दाखवलं. “तो सात नंबर बघ, श्राद्धाला बसलाय जसा!” प्राची फिदीफिदी हसली.

दीड मिनिट उरलं असताना बुलन चार गुणांनी मागे होते. चौथा प्रयत्न. पंधरा-वीस धटिंगण एकमेकांवर कोसळले, पंचांनी एकेकाला उपसून काढलं आणि खाली सापडलेल्या चेंडूकडे बघून मापाची खूण केली.

श्रीरंग काठी घेऊन तिच्याजवळ सरकला. “चिमटा दोन कड्या माझ्याकडे सरकव.”

“काय?”

“दोनच कड्या. पुढची काठी तेवढी अलीकडे येईल. चार बोटांचा प्रश्न आहे. पटकन! मराठी कुणाला कळतंय इथे?”

“नाही सरकवणार.”

“प्राची, वर्षभर घाम गाळलाय पोरांनी. दोन कड्यांसाठी तू...”

“मग वर्षभर घाम गाळून चार बोटं कमी का पडली ते त्यांना विचार,” ती चांगली मोठ्यानं म्हणाली. “मी बांध कोरणार नाही.”

साखळी आत गेली. चिमटा पट्ट्यावर टेकला. साखळी ताणली. चेंडू पुढच्या काठीच्या तीन बोटं अलीकडे होता.

सामना गेला. सगळे पडलेल्या चेहऱ्यांनी आत गेले. प्राची साखळी गुंडाळून, पुसून क्लबच्या खोलीत पोचली तेव्हा सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. श्रीरंगचं सांगून झालं होतं.

“तिला दोष देऊ नका,” तो अजून जर्मनमध्ये म्हणत होता. “घाबरली बिचारी. चिमटा चुकीच्या कडीला लागला. खरं तर मीच बघायला हवं होतं.” आणि त्यानं प्राचीकडे बघितलं ते दयेनं.

प्राचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोराच्या उलट्या बोंबा तिनं पुष्कळ ऐकल्या होत्या, पण इतक्या हळुवार आवाजात कधीच नाही. माप चुकलं? तिचं? शशिकांतरावांच्या मुलीचं? “खोटं आहे! यानंच मला चिमटा सरकवायला सांगितला! मी नाही म्हटलं!” रागानं तिचं जर्मन फाटत होतं, व्याकरण पायात येत होतं.

“प्राची, तुला वाईट वाटणं साहजिक आहे,” श्रीरंग म्हणाला. चाळीस जणांनी नजरा फिरवल्या. पुरावा काय देणार ती? जे घडलं ते मराठीत घडलं होतं.

कोलोनचे खेळाडू हात मिळवायला आले होते, ते दारातच थबकले होते. त्यांच्यातून सात नंबर पुढे आला.

“माफ करा,” तो जर्मनमध्ये म्हणाला. “ती खरं बोलतेय. त्यानं दोनदा सांगितलं. ती दोन्ही वेळा नाही म्हणाली. मी मागेच बसलो होतो.”

“तुला काय कळलं?” कोचनं विचारलं.

“माझे आईबाबा नाशिकचे. मी बॉनमध्ये वाढलो, नाव यशोधन. बोलायला जमत नाही, पण कळतं सगळं.” तो श्रीरंगकडे वळला. “श्राद्ध कळलं नाही. ते आईला विचारीन.”

श्रीरंगचा चेहरा खर्रकन उतरला. आता कोच त्याला फाडून खाणार, असं प्राचीला वाटलं. कोच मात्र तिच्याकडेच बघत राहिला.

“आल्झो... म्हणजे,” तो सावकाश म्हणाला. “दोनच कड्या?”

“हो.”

“आणि तू नाही म्हणालीस.”

त्या आवाजात शाबासकी नव्हती. खोलीत कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हती. कुणीतरी तर श्रीरंगच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणजे खोटं उघडं पडलं तरी गुन्हेगार तीच! कोचनं खोक्यातून एक निळं जाकीट काढलं आणि प्रकरण मिटवावं तसं तिच्यापुढे धरलं. पाठीवर पांढऱ्या अक्षरांत तिचं नाव होतं, सुंदर शिवलेलं.

प्राचीनं ते डोळे भरून बघितलं. मग खिशातला चिमटा काढून टेबलावर ठेवला.

“जाकीट नको,” ती म्हणाली. यावेळी जर्मन एकदम सरळ आलं. “हे घातलं तर लोक मला तुमच्यातली समजतील.”

ती बाहेर सायकलीचं कुलूप काढत होती. यशोधन मागोमाग आला.

“ताई,” तो मराठीत म्हणाला, एकेक शब्द चाचपत. “मोजणी... बरोबर होती.”

इतका वेळ न आलेलं रडू आता आलं. तिनं बाहीनं डोळे पुसले.

“तीन बोटं,” ती म्हणाली. “पुरती तीन.”